वैशालीची टाकी चालू हाय

सासू राहिली आणि सून गेली. वरच्याला माणसं ओळखता येत नाय, दुसरं काय.

आज वैशालीला जाऊन वर्ष झालं. डेंगूचं निमित्त.

मी तिची सासू, चिंचणीहून बोलते. मला अक्षर येत नाय. वैशालीची मुलगी तन्वी टाईप करते. तिला सांगून ठेवलंय, रडायचं असेल तर फोन खाली ठेव आणि रड. माझं वाक्य अर्धं तोडू नको.

आमचं घर मच्छीवाल्यांचं. माझ्या मुलाची, हेमंतची, बोट. माझी खारी-सुकी मासळी.

आणि सून आणली समुद्रापासून लांब, मनोरची. समुद्राला ही भ्यायची. नारळी पुनवेला सगळं गाव पाण्यात, आणि ही लांब वाळूत, चपला हातात घेऊन.

ह्याच बाईने एक दिवस बोईसरहून काचेची टाकी आणली. खाऱ्या पाण्याची. आत दोन नारंगी मासे, दगड, आणि दगडांवर कोरल. म्हणजे पोवळ्याच्या जातीचे जीव. दिसायला फुलं, पण जिवंत. लाईट लागला की उमलतात. एक तर बारक्या मुठींची उघडझाप करायचा दिवसभर.

मी म्हटलं, आमी मासे आणतो विकायला, तू आणतेस पाळायला. आता त्यांना आपलं आडनाव पण लाव.

ती हसली. "आई, तुमचा समुद्र मला झेपत नाय. एवढासा झेपेल."

मग मी रोज विचारायची, आजच्या कालवणाला यातला कुठला? आणि ती रोज तेवढीच चिडायची. दोघींचा दिवस बरा जायचा.

ती गेल्यावर टाकी हेमंतने हातात घेतली.

टाकीतलं पाणी आपोआप कमी होतं. हेमंतने बघितलं होतं की वैशाली पाणी बदलताना पाकिटातलं मीठ कालवते. त्याने विचार केला, पाकीट कशाला, आपला तर समुद्रच हाय. किनाऱ्याचं पाणी घ्यायचं नाय हे त्याला पण कळतं. म्हणून बोट आत लांब गेली की स्वच्छ पाण्याचा कॅन भरून आणायचा. टाकी उतरली की ओतायचा. एक दिवस चुकला नाय.

मासे फिरत होते. कोरल मात्र मिटले. मग आक्रसले. मुठीवाल्याने मूठ उघडणं बंद केलं.

तन्वीने सगळं करून बघितलं. लाईट कमी केला. पंप धुतला. खाणं अर्धं केलं. मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये फोटो टाकले. पट्ट्या बुडवून पाणी तपासलं. खारटपणा बघायचं तरंगणारं यंत्र पण म्हणत होतं, ठीक हाय.

हेमंत एकदा जेवता जेवता म्हणाला, "आये, वर्षाचं झालं की टाकी देऊन टाकू. पालघरला एक जण घेतोय. मला ती परत मरताना बघवत नाय."

मी म्हटलं, आजारी जीव दुसऱ्याच्या दारात टाकायचा नाय. आधी बरं करू. मग बोल.

बोलून बसले. करायचं काय ते मला पण ठाऊक नव्हतं.

एका दुपारी मी काच पुसत होते. कडेला पांढरं मीठ धरलेलं. मासळी खारवायच्या पिपातलं पाणी मी आयुष्यभर जिभेने पारखलं. सवयीने टाकीत बुडलेलं बोट तोंडात गेलं.

थुंकले.

मग हेमंतच्या कॅनमधलं चाखलं. ते समुद्राचं. टाकीतला खारटपणा समुद्राच्या बाहेर गेलेला.

तन्वी म्हणाली, शी आजी. पण लगेच तिने ते तरंगणारं यंत्र काढलं. त्याच्यावर पण मिठाची खरपुडी बसलेली. त्या वजनाने ते खाली बसायचं आणि आपलं खोटंच सांगायचं. बोईसरच्या दुकानातून तिने दुसरं मागून आणलं. मीठ भलतंच वाढलेलं.

मग डोक्यात उजेड पडला. उडून जातं ते नुसतं पाणी. मीठ आतच राहतं. त्यात आमी वर परत खारंच ओतायचो. वैशाली रोजच्या भरीला फिल्टरचं गोडं पाणी घालत असणार. सकाळी आमी बंदरावर, बघितलं कोणी?

हेमंत टाकीसमोर खाली बसला.

"म्हणजे मीच मारत होतो."

"तू पाजत होतास," मी म्हटलं. "पाणी चुकलं. उठ."

मी गोड्या पाण्याची कळशीच उचलली होती. तन्वीने हात धरला. एकदम घातलं तर धक्क्यानेच मरतील, आजी. रोज थोडं खारं काढायचं, थोडं गोडं घालायचं. मला धीर नाय, पण ठेवला. रोज टाकीसमोर बसायचे आणि त्यांना दम द्यायचे. उघडा, नायतर माझ्याशी गाठ हाय.

एक कोरल काळा पडून गेला. तो वाचला नाय. खोटं कशाला सांगू.

बाकीचे हळूहळू फुलले. मुठीवाला सगळ्यात शेवटी. बाईचा लाडका, नखरे तर करणारच.

आज वर्षाचं जेवण. पानं मांडताना पालघरवाल्याचा फोन आला, टेम्पो कधी पाठवू?

हेमंतने माझ्याकडे बघितलं. मी भाताकडे बघितलं. ह्या घरात मी पुष्कळ बोलते, पण हे त्याचं त्यानेच बोलायचं होतं.

तो म्हणाला, "नको पाठवू. टाकी घरातच राहणार."

फोन ठेवला आणि तांब्याभर गोडं पाणी घेऊन टाकीकडे गेला. पाहुणे पानावर थांबले. थांबू देत.

वैशाली, आमी तिघं हाव. तुझा एवढासा समुद्र आता आमी बघतो.

तुझी सासू तुला हात जोडते. जिवंतपणी जोडले असते तर डोक्यावर बसली असतीस.

जा पोरी. निवांत जा.