कान चाचपणारे आबा

आबा हरवले म्हणून आम्ही जाहिरात छापली आणि आमच्या दारात एकामागून एक म्हातारे येऊ लागले. त्यांत आमचा एकही नव्हता.

आबा म्हणजे माझे सासरे. मी लग्न होऊन सांगवीला आले तेव्हा घरची मेंढरं नुकतीच विकली होती. माझ्या नवऱ्याने पाटाखालची जमीन कसायला घेतली होती आणि वांगी, कांदा, थोडा ऊस असा पसारा मांडला होता. बागायत आणि मेंढरं एका घरात नांदत नाहीत. मेंढराला सगळं रान आपलंच वाटतं. नवऱ्याचं काही चुकलं असं मी तेव्हाही म्हणाले नाही आणि आजही म्हणणार नाही. घरात दोन वेळची भाजी दिसू लागली ती त्या वांग्यांमुळेच. पण जन्मभर मेंढरांमागे चाललेल्या माणसाला एकदम वांग्यांच्या वाफ्यावर बसवलं, की तो बसून बसून किती बसणार?

आबांना विसर पडायला लागला होता. आधी लोकांची नावं गेली, मग गावांची, मग स्वतःच्या लेकाचं आणि शेवटी स्वतःचंही. पहाटे उठून ते परसात जात आणि मेंढरं सोडायला म्हणून रिकाम्या जागेसमोर उभे राहत. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई हाताला धरून त्यांना चुलीपाशी आणून बसवत. सासूला आमच्याकडे आत्याबाईच म्हणतात.

ज्वारीची काढणी उरकली होती. रानं मोकळी झाली की मेंढरांचे कळप या गावाहून त्या गावाला फिरतात. शेतकरी खतासाठी त्यांना रानात बसवून घेतात. असाच एक कळप आमच्या दारावरून गेला. आबांनी घोंगडी खांद्यावर टाकली, काठी घेतली आणि निघाले मागोमाग. अर्ध्या गावाने पाहिलं. पण मेंढरांमागे चाललेल्या म्हाताऱ्याला बघून कुणाला काय विचारावंसं वाटणार? त्याची जागा तीच, असंच कुणालाही वाटेल.

संध्याकाळी नवरा सायकल मारत बारामतीपर्यंत गेला. तो कळप गावाबाहेर उतरला होता. तिथले लोक म्हणाले, "म्हातारा हुता की आमच्यासंगं. लई गुणाचा. मगाशी दुसरा कळप गेला खालच्या अंगाला, त्येच्यामागं गेला वाटतं." तो दुसरा कळप कुणाचा, कुठे गेला, हे त्यांना ठाऊक नव्हतं. तिथून पुढे धागाच तुटला.

पोलिसांत वर्दी दिली. मग कुणीतरी सुचवलं म्हणून नवरा बारामतीतल्या एका छापखान्यात गेला. आबांचा फोटो नव्हता. फोटो काढला की आयुष्य कमी होतं असं त्यांचं ठाम मत होतं. तेव्हा वर्णन आलं. छापखान्याचे मालक अशा कामाला सरावलेले होते. त्यांनी विचारत विचारत झरझर लिहून काढलं: वय सुमारे सत्तर, वर्ण सावळा, बांधा मध्यम, डोकीस तांबडं पागोटं, अंगात बंडी, खांद्यावर काळं घोंगडं, हाती काठी. सदर इसम कोणास आढळल्यास कृपा करून सांगवी येथे पोहोचवावा.

नवऱ्याने तो कागद घरी आणून मला वाचायला दिला. मी सातवी पास, घरात वाचणारी मी एकटीच. वाचता वाचता मी दाराबाहेर पाहिलं. पारावर तीन म्हातारे बसले होते आणि तिघेही त्या कागदातून उठून आल्यासारखे दिसत होते. पण मी पडले नवी नवरी. तोंड उघडायची सोय नव्हती, म्हणून गप्प राहिले, आणि माझ्या स्वभावाला गप्प राहणं म्हणजे दातदुखी.

कागद लागले बारामती ते इंदापूर. एसटी तेव्हा नवी नवी होती. ड्रायव्हर-कंडक्टरांनी मोठ्या हौसेने स्टँडवर, चहाच्या दुकानांत, झाडांवर ते चिकटवले. आणि आमची माणसं तर परोपकाराला एका पायावर तयार! पहिला म्हातारा बैलगाडीतून आला. बिचारा निमगावचा, बहिरा होता. आपल्याला कुठे नेतायत ते त्याला कळलंच नव्हतं. दुसऱ्याला कंडक्टरने फुकट, तेही पुढच्या सीटवर बसवून आणलं. तो इंदापूरहून लेकीकडे निघाला होता, आणि "मी त्यो न्हवं" असं वाटभर सांगत होता. पण हरवलेला म्हातारा असंच म्हणणार, असं म्हणून सगळ्या गाडीने त्याला गप्प बसवलं. आमच्या दारात उतरल्यावर त्याने सगळ्यांना जी लाखोली वाहिली, तिला तोड नव्हती. मग जेवला, रागाने मुक्कामाला राहिला आणि जाताना कांद्याचं बी मागून घेऊन गेला.

हसायला येतं आता. तेव्हाही मला आलं होतं, पदर तोंडात कोंबून मी हसले होते. पण आत्याबाई हसत नव्हत्या. गाडीची चाकं वाजली, की त्या हात पुसत दारात येत. खाली उतरणाऱ्या माणसाकडे नीट बघत. मग आत जात आणि पाहुण्यासाठी आणखी एक भाकरी थापायला घेत. एकदा मी त्यांच्या मागोमाग आत गेले. भाकरी तव्यावर करपत होती आणि त्या जाळाकडे बघत होत्या. मी पटकन भाकरी उलटली.

"आत्याबाई," मी म्हणाले, "त्या कागदात लिहिलंय तसले म्हातारे पैशाला पासरी. तुम्ही आबांना ओळखता. अंधारातसुद्धा कशावरून ओळखाल?"

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं. पोलिसांनी विचारलं लेकाला, छापखान्यात विचारलं लेकाला. जिने आबांसोबत पावसापाण्यात, उघड्या माळावर, मेंढरांच्या मागे निम्मं आयुष्य काढलं, तिला कोण विचारतो! मला भयंकर राग आला. तो कुणावर काढायचा ते कळेना, म्हणून मी चुलीतलं लाकूड जोरात पुढे सारलं.

मग आत्याबाई बोलू लागल्या. एरवी नवऱ्याविषयी बोलताना मान खाली घालणारी ती बाई, पण बोलता बोलता तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. मी ऐकत गेले आणि पहिल्यांदाच मला वाटलं, आता आबा सापडतील.

पुढच्या बाजाराला आम्ही दोघी वांग्यांच्या गाडीतून बारामतीला गेलो. नवरा माल उतरवायला गेला आणि आत्याबाई मला घेऊन थेट मेंढरांच्या बाजारात गेल्या. तिथे हलगी घेऊन दवंडी देणारा एक जण होता. त्याने रिवाजाप्रमाणे पहिला प्रश्न केला, "म्हाताऱ्याचं नाव काय?"

नवऱ्याचं नाव बायको घेत नाही. मी मध्ये तोंड घालून सांगणार, तेवढ्यात आत्याबाई म्हणाल्या, "नाव कशाला? नाव त्यांच्याच ध्यानात न्हाय. त्या नावानं हाक मारली तर वळून बी बघायचे न्हाईत."

"मग म्या वरडू तरी काय?"

"तुमी नुस्ती हलगी वाजवा."

त्याने हलगी वाजवली. माणसं वळली. आत्याबाई एका रिकाम्या गाडीच्या जुवाला धरून वर चढल्या. चार पुरुषांत मोठ्याने बोलायची त्यांना सवय नव्हती. पण आवाज फुटला.

"आमचं मालक हरवल्यात. त्यांचा रंग बघू नका, पागोटं बघू नका. ती तुमा समद्यांचीच तसली हायती." लोक हसले. त्या थांबल्या नाहीत. "मेंढरू दिसलं की आमचं मालक आदी त्येचा कान चाचपत्यात, ताप हाय का बघाय. मेंढरू कुणाचं का असंना. वाटंत काटा दिसला, की काठीनं बाजूला घिऊन दगडाखाली ठेवत्यात. भाकरीचा पैला तुकडा कुत्र्याला घातल्याबिगर घास घेत न्हाईत. असा कुणी दिसला तर त्येला नाव इचारू नका, गाव इचारू नका. सांगता येत न्हाय म्हणून लाजून पुढं निगून जातील. म्होरं एक मेंढरू बांधा, आन् सांगवीला सांगावा धाडा. येवढंच."

त्या खाली उतरल्या. मी त्यांचे हात धरले. मला त्यांचा इतका अभिमान वाटला, की तो आजतागायत पुरलाय.

ही गोष्ट कागदासारखी कुठे चिकटवावी लागली नाही. भाजीवाल्या बायकांनी ती आपल्या गावी नेली, मेंढरांच्या व्यापाऱ्यांनी नेली, कंडक्टरांनी स्टँडोस्टँडी नेली. पाटावर धुणं धुताना बायका आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांच्या खोडी एकमेकींना सांगू लागल्या, उद्या हरवले तर असावं म्हणून. चहाच्या दुकानात अनोळखी म्हातारा टेकला, की कुणीतरी हळूच शेळी नाहीतर करडू त्याच्यासमोर आणून उभं करी आणि सगळे त्याच्या हाताकडे बघत बसत. आमच्या दारात चुकीचे म्हातारे यायचे मात्र थांबले. खरं सांगते, मला ते थोडं सुनं सुनं वाटलं.

आणि एक दिवस मेंढरांचा एक व्यापारी दारात आला. पाणीसुद्धा न पिता म्हणाला, "वैनी, कुठं हायती त्या गाडीवर चढून बोलल्याल्या बाई? पळसदेवच्या अंगाला भीमंकाठी एका कळपावर म्हातारा हाय. कान चाचपतोय. माझ्या म्होरं पाच-सा मेंढरांचं चाचपलं. आन् काट्याचं बी तसंच."

आत्याबाई ओट्यावरच बसल्या. मग उठल्या आणि लुगडं बदलायला आत गेल्या. नवरा म्हणाला, "आई, तू ऱ्हा घरी. मी घिऊन येतो." आतून आवाज आला, "मी येणार." तो विषय तिथेच संपला.

एसटीने, मग गाडीने, मग पायी असे आम्ही तिघे पोचलो. नदीच्या काळ्या रानात मेंढरं बसली होती. आबा एका पोरक्या कोकराला एका मेंढीच्या कासेला लावत होते. ती लाथा झाडत होती आणि ते तिची समजूत घालत होते. चेहऱ्यावर तजेला आला होता. आमच्या घरी ते इतके चांगले कधी दिसले नव्हते, हे कबूल करायला हवं. कळपाचा मालक म्हणाला, "कोण हायती, कुठलं हायती, आमाला ठावं न्हाय. मेंढ्या व्यायला लागल्या आन् देवानंच धाडल्यावानी आलं. आमी मामा म्हणतो."

माझा नवरा धावतच गेला आणि त्यांचा हात धरून रडायला लागला. "आबा, चला घरी."

आबांनी हळूच हात सोडवून घेतला. "कोण गाव, पावणं?" ते म्हणाले. "ह्या मेंढीला सोडून कसा येऊ? नवं कोकरू घीना झालीया."

नवऱ्याचा चेहरा बघवेना. त्याला रागही आला, "अवो, मी तुमचा..." असं काही तो म्हणणार, तेवढ्यात आत्याबाईंनी त्याला बाजूला केलं. त्या आबांच्या जवळ जाऊन खाली बसल्या. आपण त्यांच्या कोण, हे त्यांनी सांगितलं नाही. ओळखलंत का, असंही विचारलं नाही.

"ही मेंढी लांबवर चालंल का?" त्यांनी विचारलं.

आबांनी तिचा कान चाचपला. "कुठवर?"

"सांगवीपातूर."

"चालंल की. दमादमानं न्यावी लागंल."

"मग तुमीच घिऊन चला. आमच्याकडं मेंढरात कळणारं कुणी न्हाय."

आबांनी एकदा माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. याला मेंढरातलं काही कळत नसणार हे त्यांना पटलेलं दिसलं. ते उठले.

कळपाच्या मालकाने ती मेंढी आणि ते कोकरू देऊन टाकलं. मामांनी राखलेली कोकरं दाखवत म्हणाला, "हे त्येंच्याच हातचं हाय समदं." माझ्या नवऱ्याची पाटाच्या पाण्याची पाळी होती, तो एसटीने पुढे गेला. आम्ही तिघं मेंढीच्या चालीने निघालो. वाटेत गावोगावी लोक रस्त्यावर आले. "हेच का वो कान चाचपणारे आबा?" म्हणून विचारत. कुणी दूध आणलं, कुणी कोकराला हिरवा पाला. एका चहाच्या दुकानात तर आमचा तो जुना कागद अजून भिंतीवर होता, आणि आबा त्याच्याच खाली बसून चहा प्यायले. इतकी माणसं आपल्याला का बघायला येतात ते काही त्यांना कळलं नाही. त्यांना वाटलं, मेंढी चांगली आहे म्हणून येतात.

मुक्काम करत करत घरी आलो. आबांनी परसात मेंढी बांधली, तिच्यापुढे चारा टाकला, हातपाय धुतले आणि ओट्यावर जेवायला बसले. जेवण झाल्यावर आजूबाजूला बराच वेळ बघत राहिले. भिंत बघितली, दार बघितलं, दाराशी उभा असलेला आपला लेक बघितला. मग आत्याबाईंकडे वळले आणि संकोचाने हात जोडले.

"बाई," ते म्हणाले, "तुमचं घर लई बरं हाय. माणसं बी मायाळू दिसत्यात. मला कुणी हाय का न्हाय, काय आठवत न्हाय. मला हितं ठिवून घ्याल का?"

माझ्या नवऱ्याने तोंड फिरवलं. मी उगाच भांडी गोळा करू लागले.

"ऱ्हावा की," आत्याबाई म्हणाल्या. "मला बी सोबत हुईल."