धागा खाणारे मणी

वर्तमानपत्राच्या डेस्कवर अकरा वर्षं काढल्यावर मी नोकरी सोडली आणि काचेचे मणी करू लागले. एका प्रदर्शनाची बातमी घ्यायला गेले होते, तिथे एक कारागीर बर्नरच्या ज्योतीवर मणी घडवत होता. बातमी बारा ओळींची झाली. त्याच्यासमोर मी दोन तास उभी होते. पुढे सुट्ट्या जोडून त्याच्याकडेच शिकले. गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत टेबल मांडलं. सोलापुरात एप्रिलमध्ये पत्र्याखाली ज्योत पेटवणं शहाणपणाचं नाही, म्हणून पहाटे पाचला बसायचे.

काम असं असतं. स्टीलच्या तारेला मातीचा लेप द्यायचा, काचेची कांडी ज्योतीत वितळवून त्या तारेवर गुंडाळायची, मणी गरम राखेत सावकाश निवू द्यायचा, मग तारेवरून सोडवायचा. भोकाच्या दोन्ही कडा आत वळलेल्या हव्यात. काच कमी पडली की कड पात्यासारखी धारदार राहते. ती घासून बोथट करावी लागते. हे कंटाळवाणं काम आहे, आणि मी ते टाळत असे.

माझ्या मण्यांच्या पोती मंगळवार पेठेतल्या बोळात एक म्हातारे पटवेकरी गाठवून देत. मी त्यांना चाचा म्हणायचे. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून ते बसत आणि ओवण्याआधी प्रत्येक मणी ताणलेल्या दोऱ्यावरून दोनदा मागेपुढे फिरवत. फिरवताना गप्पा चालू असत.

वळसंगच्या एका शिक्षिकेने मुलीच्या लग्नासाठी काळी पोत सांगितली. मुलगी चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कंपनीत नोकरीला होती. सासरचे लोक सोनं मोजणारे. आईला वाटत होतं, निदान पोत तरी चारचौघींसारखी नसावी. काळ्या काचेवर केसासारखी बारीक सोनेरी रेघ असलेले मणी मी केले. मला ते फार आवडले होते.

चाचांनी त्यातले चौदा मणी वाटीत बाजूला काढले.

"हे धागा खात्यात, बाई."

"चाचा, तुम्हाला माझा प्रत्येक मणी धागा खाणाराच दिसतो."

"खाणाऱ्याला खाणारा म्हणू नको तर काय म्हणू? घासून आणा की. उद्या दुपारपर्यंत देतो."

"उद्या त्यांचा देवकार्याचा दिवस आहे. ओवा तसेच. मी सांगते ना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, वाटी बाकीच्या मण्यांत रिकामी केली. "तुमी सांगताय तर ओवतो," एवढंच म्हणाले.

लग्नानंतर सहाव्या दिवशी, सासरी सत्यनारायणाच्या पूजेत, आरतीचं ताट घेताना पोत वाढली. मणी पाटाखाली, रांगोळीत, पाहुण्यांच्या पायांत गेले. सासूने पोरीला काही बोल लावला नाही. फक्त म्हणाली, "आमच्याकडं असं कधी झालं न्हाय." हे मला शिक्षिकेने सांगितलं. मणी रुमालात बांधून त्या माझ्या दारात आल्या होत्या, आणि त्यांना एकच गोष्ट हवी होती: चूक कुणाची, ते विहिणीला सांगता यावं.

त्या क्षणी मला वाटीतले चौदा मणी आठवले. पुढे बरेच दिवस मी स्वतःला सांगत राहिले की आठवले नव्हते. ते खरं नाही. आठवले होते.

मी म्हणाले, "दोरा कच्चा निघाला असेल."

आम्ही दोघी बोळात गेलो. शिक्षिकेने रुमाल चाचांसमोर उलटा केला. "काय हो, माझ्या लेकीच्या गळ्यात सडका दोरा घातला तुमी? लई नाव ऐकलं होतं तुमचं."

चाचांनी तुटलेलं टोक बोटांवर घेऊन उजेडाकडे धरलं. दोरा कापला गेला होता, झिजला नव्हता. त्यांना ते दिसलं, मलाही दिसलं. मी पायरीकडे बघत होते.

"असंल," ते म्हणाले. "नवी लड होती. हितंच बसा, बांधून देतो. पैसे नकोत."

गाठवताना त्यांनी प्रत्येक मणी फिरवला, चौदा बाजूला काढले आणि ते मुकाट्याने माझ्या पिशवीत टाकले. गिऱ्हाइकासमोर दुसऱ्याच्या मालाला नावं ठेवायची नाहीत, ही त्या बोळातली रीत. ती मला माहीत होती. तिच्याच भरवशावर मी बोलले होते.

शिक्षिकेने शाळेत सांगितलं, मैत्रिणींत सांगितलं. महिन्याभरात माझ्या तीन गिऱ्हाइकांनी फोनवर बजावलं, "गाठवायला त्या म्हाताऱ्याकडे देऊ नका हं." मी "बरं" म्हणाले. तिन्ही वेळा.

एका सकाळी त्या चौदांतला एक मणी मी दोऱ्यावर ओढून पाहिला. पाचव्या खेपेला दोरा तुटला. नवीन काही कळलं नाही. फक्त आता ते माझ्या टेबलावर घडलं होतं.

डेस्कवर असताना मी शेकडो चूकदुरुस्त्या लिहिल्या. त्या आतल्या पानावर, बारीक टायपात जात, आणि चूक कुणी केली हे त्यात कधीच नसे. शिक्षिकेला पाठवायचा मजकूर मी तसाच लिहिला: 'काही मण्यांमध्ये दोष आढळून आला आहे.' वाचला, पुसला. परत लिहिला, परत तेच वाक्य आलं. शेवटी फोन केला.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हंजे त्या माणसाला मी उगंच बोलले?"

"हो."

"आणि तुमी शेजारी उभ्या होता की."

"हो."

"विहिणीला मी सांगतेच. पण आधी त्याच्याकडं जायचं. तुमी पण या."

रविवारी त्या चपला काढून बोळातल्या त्या पायरीवर चढल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "चाचा, तोंड सुटलं माझं. चुकले." दोन वाक्यं. मी आठवडाभर त्याहून लांब काहीतरी जुळवत होते. त्यांच्यामागून मी "माझीच चूक होती" म्हणाले, तेव्हा ते कुणी तरी आधीच म्हटलेलं वाटलं.

"तुमी कशाला, बाई?" चाचा शिक्षिकेला म्हणाले. "लेकीचा जीव असतो. तुमचा काय गुन्हा?" त्यांना बसायला पाट दिला, चहा मागवला, जावयाचं विचारलं. माझ्याशी बोलले नाहीत.

निघताना मी विचारलं, "चाचा, माझे मणी परत घ्याल का गाठवायला?"

त्यांनी अंगठ्याचा दोरा सैल केला. "आणा. बघू. पण गिऱ्हाईक घेऊन येऊ नका. एकट्या या. म्हंजे जे बोलायचं ते मला बोलता येईल."

शिक्षिका तोवर पायऱ्या उतरून रस्त्याला लागल्या होत्या. त्यांना हे ऐकू गेलं नसावं, असं मनात येऊन मला बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याची लाज वाटली.