बर्फाचं पाणी होईस्तोवर

"आई, बर्फाचं पाणी झालं, आजी अजून उठंना," असं माझी आर्या म्हणाली, तवा कुटं मी चुलीपासनं वळून बघितलं. आत्या मागच्या दारात पाटावर बसलेल्या, पाठ भिंतीला, डोळं मिटलेलं, रोजच्यासारख्या. मी हाक मारली. आत्या... ओ आत्या! खांद्याला हात लावला आन् त्या माझ्या अंगावरच आल्या. तोंड एका बाजूला गेलेलं, घशात घरघर. मी वरडत रस्त्यावर पळाले, पायात चप्पल न्हाई, हाताला पीठ, पोरगी मागं रडती... शेजारच्या भाऊंनी रिक्षा काढली, लोणावळ्याला नेलं. तिसऱ्या दिवशी गेल्या.

आत्या म्हंजे माझ्या सासूबाई. त्यांना जाऊन पाच आठवडं झालं. कुसगावात एका बंगल्यावर झाडलोट करायच्या. तिथला मालकाचा पोरगा मोठ्या टीव्हीवर बर्फावरची हॉकी बघायचा, तर फरशी पुसता पुसता ह्यांना नाद लागला. नियम एक कळायचा न्हाई. घरी येऊन सांगायच्या, "काय ती माणसं गं, मोहोळ झाडाय निघाल्यावानी नटलेली, आन् पळत्यात कशी, साबण सांडल्यावानी!" मग वाटीत पाणी गोठवून जाड चकती करायची, दोघींच्या हातात एकेक उलथनं, आर्या ह्या दारात, आजी त्या दारात. चकती इरघळली की खेळ खलास. "हरलं कोण?" पोरगी विचारायची. "बर्फ हरला," आत्या म्हणायच्या, आन् त्याच पाण्यानं फरशी पुसून घ्यायच्या.

चित्रं पण काढायच्या. चिक्कीची रिकामी खोकी उसवून आतल्या पांढऱ्या बाजूला, आर्याच्या स्केचपेननं. समद्या खेळाडूंना मिशा. एकदा गोल अडवणाऱ्याला हिरवं लुगडं नेसवलं. मी म्हटलं, "आत्या, हे वो काय?" तर म्हणल्या, "बाई हाय ती. दिसभर उभी ऱ्हाती, कुणी इचारत न्हाई, आन् एक चुकला की समदी तिलाच वरडत्यात."

आमी बुद्धाची माणसं. विहारात आनापान शिकल्यापासनं कामावरनं आलं की त्या दहा मिनिटं श्वासाकडं ध्यान देऊन बसायच्या. तेवढा वेळ त्यांचा. हाक मारायची न्हाई, घर पेटलं तरी. मी नवी नवरी होते तवा एकदा घाबरले, छाती हलताना दिसंना, मी गदागदा हलवलं. त्यांनी एकच डोळा उघडला. "मेले न्हाई अजून. चहा टाक." मग महिनाभर साऱ्या आळीत, "आमची सून मला जित्तेपणीच पोचवती!" बाया हसायच्या, मी पण हसायचे. पण मनात बसलं ते. परत कधी हाक मारली न्हाई.

त्या दिवशी आल्या, म्हणल्या, "डोकं जड झालंय गं. जरा बसते, मग खेळू." आर्यानं चकती काढून ताटलीत ठिवली. मी भाकरी थापत होते. मधी एकदा त्यांची मान कलल्यागत दिसली. खोटं कशाला बोलू, दिसली. हाक तोंडात आलेली... मग वाटलं, पुन्हा हसतील. तव्यावरची भाकरी उलटली. चकती जाड होती, पार पाणी व्हायला किती वेळ लागतो ते मला ठावं हाय.

दवाखान्यात डॉक्टर म्हणले, अशा झटक्यात लवकर आणलं तर वाचत्यात बी माणसं. आमचे हे वराळ्याच्या कंपनीतनं धावत आलते. मला इचारलं, "कवा कळलं तुला?" मी म्हटलं, "लगेच." तोंडातनं गेलं ते गेलं. आत्यांच्या पुण्यानुमोदनाला समदी जमलेली, तवा चारचौघात ते म्हणले, "माझ्या बायकोनं एक मिनिट घालवलं न्हाई." मी हातातलं ताट पुढच्या माणसाम्होरं ठिवलं.

आता मागचा पाट रिकामा. आर्या कधी कधी त्याच्यावर डोळं मिटून बसती, आन् मी हातातलं टाकून पळते. "आई गं, मी बसलीय ना!" म्हणून चिडती.

पेपरच्या ज्या पुरवणीला मी हे लिहून धाडतेय, ती ह्यांच्या कँटीनला येती. तितं वाचायच्या आधी आज त्यांना मीच सांगणार हाय. तुमी मला नावं ठेवाल, ठेवा. पण त्या दिवशी माझ्या जागी तुमी असता, रोजच्यासारखं माणूस रोजच्या जागी बसलेलं, तुमचं एकदा हसं झालेलं... तर तुमी मारली असती का हाक?