खंडेनवमीला उचललेला पाना

दोन हजार चौदा साल. मी एकसष्ट वर्षांचा होतो. त्या साली दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी जे केलं, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी जे बोललो, ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही. ती गेली, तेव्हाही तिला सांगितलं नाही. पोराला नाही. देवापुढं उभा राहिलो तरी तेवढं सोडून बाकीचं बोललो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगायला बसलोय. ओळखीच्या माणसाला सांगायची छाती अजून झालेली नाही.

शाळा चौथीपर्यंत. एक पान लिहायला मला दुपार लागते. लागू दे — दुपारी घरात दुसरं कोण आहे?

नेकनूरला रस्त्याच्या कडेला माझं गॅरेज होतं. कामं जीपची आणि ट्रॅक्टरची. लोक म्हणायचे, ह्याच्या हाताखालून गेलेली गाडी परत येत नाही. हे ऐकायला मला लई आवडायचं. आणि ते खरं होतं — पण त्यात हात दोन माणसांचे होते. दुसरा नामदेव. लिंबागणेशकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. सव्वीस वर्षं माझ्याजवळ होता. कळपात एखादं मेंढरू खोकलं तर राखणाऱ्याला ते न बघता कळतं ना, तसा तो इंजिनाजवळ नुसता उभा राहून सांगायचा, दुखणं कुठं आहे ते. मी गाडीखाली आडवा असलो आणि हात मागं केला, की लागणारा पाना हातात यायचा. मागावा लागायचा नाही. मला वस्ताद म्हणायचा. खरं सांगू? वस्ताद तो होता. हेसुद्धा आज पहिल्यांदाच लिहितोय.

तर गाडीचं सांगतो.

तलवाड्याचे एक बडे जमीनदार — आबासाहेब म्हणू. त्यांच्या वडिलांची जीप मी सांभाळायचो. त्या वर्षी त्यांनी पुण्याहून एक जुनी स्पोर्ट गाडी आणली. लाल, दोन दारांची, इतकी बसकी की आत शिरायला आधी खाली बसावं लागायचं. वीस-बावीस वर्षांची होती, पण रंग देऊन नवी केलेली. दसऱ्याला सगळा गाव सीमोल्लंघनाला शिवेवर जातो, तेव्हा आबासाहेबांना ह्या गाडीतून जायचं होतं. आणि गाडीच्या पुढच्या डाव्या चाकातून काळं ग्रीस गळत होतं.

आमच्यासारख्याला ते बघितलं की कळतं. चाकाच्या आतल्या अंगाला एक्सलचा सांधा असतो. त्यावर घड्याघड्यांचं रबर — त्याला बूट म्हणतात. आतलं ग्रीस आत राहावं आणि बाहेरची धूळ बाहेर, एवढंच त्याचं काम. रबर जुनं झालं की घडीत चिरतं, ग्रीस उडतं, माती आत जाते, सांधा खाऊन जातो. अष्टमीच्या दुपारी नामदेवनं तो सांधा उघडला. माती निघाली. त्यानं डिझेलनं धुऊन लख्ख केला, नवा बूट एक्सलवर सरकवून ठेवला. बुटाबरोबर ग्रीसची एक पुडी आली होती, ती त्यानं फळीवर ठेवली.

"वस्ताद, वाळू द्या आता. ग्रीस आतूनच भरावं लागतंय ह्याला. दसऱ्याला पूजा झाली की भरतो आन् आवळतो."

मी आबासाहेबांशी फोनवर मोठ्यानं बोलत होतो. हात झटकून म्हणालो, "मला शिकवू नको बे."

ऐकलं होतं मी. पण ऐकायचं नव्हतं.

आता आमचा रिवाज सांगायला पाहिजे. खंडेनवमीला हत्यार हातात धरायचं नाही. आदल्या संध्याकाळी पाने, हातोडे, जॅक सगळं धुवायचं, पाटावर मांडायचं, हळदकुंकू, झेंडूचा हार. दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्याला हात नाही. वर्षभर ज्यानं पोट भरलं त्याला एक दिवस विसावा. ह्या बाबतीत मी लई कडक. एका साली एका ड्रायव्हरनं नवमीला पाटावरचा स्क्रू-ड्रायव्हर उचलला, तर त्याला चार लोकांत नाक घासायला लावलं होतं मी. नेकनुरात ती गोष्ट लोक अजून सांगतात.

नवमीला नामदेव गावी गेला, त्याच्या घरी देवीचे घट असायचे. मी एकटा गॅरेजवर. दुपारी आबासाहेबांचा फोन आला.

"काय मिस्त्री, नटली का आमची म्हातारी? संध्याकाळी न्यायला येतो."

म्हणायचं एवढंच होतं — आबासाहेब, आज खंडेनवमी आहे, उद्या सकाळी या. ते काही म्हणाले नसते. तेही शस्त्रपूजा करणारे. मग का नाही म्हणालो? आदल्या दिवशी फोनवर मी म्हणून बसलो होतो, "तयारच समजा." माझा शब्द. एवढ्याशासाठी.

मी शटर ओढून घेतलं. पाटावरचा हार बाजूला केला आणि पाना उचलला. पान्यावरची हळद माझ्या बोटाला लागली — ती मी चड्डीला पुसली.

सांधा बसवला. बूट चढवला. बुटाच्या दोन्ही तोंडांवरच्या पट्ट्या आवळल्या. जीपला, ट्रॅक्टरला काय असतं? बाहेर निप्पल असतं, ग्रीस भरायचं बारकं तोंड. सगळं आवळायचं आणि मग ग्रीसगन लावून बाहेरून भरायचं. चाळीस वर्षं हाताला तीच सवय. ग्रीसगन घेऊन वाकलो आणि निप्पल शोधायला लागलो. वरून चाचपलं, खालून चाचपलं. ह्या सांध्याला निप्पल नव्हतंच. ग्रीस आतूनच भरावं लागतं — नामदेव हेच सांगत होता.

फळीवरची पुडी तशीच होती.

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. आबासाहेब दुसऱ्या गाडीनं आले होते, बरोबर चार लोक. पट्ट्या कापून, उघडून, भरून परत आवळायला तासभर पाहिजे होता. त्यांना सांगावं लागलं असतं की चुकलं. आणि नवमीला पाना उचलला, हेही उघडं पडलं असतं. मी चाक चढवलं. पाने पाटावर ठेवले, हार नीट केला. पुडी जळक्या ऑइलच्या पिंपात टाकली. शटर वर केलं.

म्हणजे मला माहीत होतं. हे नीट लिहितो, कारण पुढं अंग झटकायला नको — चूक नव्हती ती. सांधा कोरडा आहे हे मला माहीत असताना मी किल्ली त्यांच्या हातात दिली.

दसऱ्याला काय झालं ते मला लोकांकडून कळलं. गाडी तलवाड्यापर्यंत कटकट करत गेली. दुपारी हार घालून, पुढं हलगी लावून शिवेकडं निघाली. शिवेच्या अलीकडं सांधा फुटला. इंजिन ओरडतंय आणि गाडी जागची हलत नाही. सगळा गाव बघतोय. कुणीतरी बॉनेटवर आपट्याची पानं टाकून म्हणालं, "घ्या सोनं, आन् लोखंड ठिवा हितंच!" शेवटी शिंगं रंगवलेले बैल सोडून आणले, दोर बांधला आणि गाडी घरी ओढत नेली. पुढं हलगी चालूच.

दुसऱ्या दिवशी गाडी ट्रॉलीत घालून माझ्या दारात आणली. दहा-बारा लोक. आबासाहेब पुढं. मी सर्वांसमोर बूट कापला. आत सांधा तापून निळा पडलेला, त्यातल्या लोखंडी गोळ्या फुटलेल्या. ग्रीसचा डागसुद्धा नाही. नामदेव माझ्या शेजारी उकिडवा बसलेला. त्यानं आत बघितलं, मग फळीकडं बघितलं. पुडी नव्हती. त्याला त्या क्षणी सगळं कळलं.

"कुणी बसवलं हे?" आबासाहेबांनी विचारलं.

मी म्हणालो, "नामदेवनं. अष्टमीलाच आवळून गेलता. मी उघडून बगितलं न्हाई, तेवढी माझी चूक."

बघा — तेवढी माझी चूक. खोटं बोलतानाही मला मोठं दिसायचं होतं.

आबासाहेब त्याच्याकडं वळले. "का बे, मेंढरं सोडून ह्या धंद्यात कशाला मराया आला?"

तो म्हणू शकला असता की नवमीला मी गावी होतो, पट्ट्या मी आवळल्याच नाहीत. म्हणजे मग वस्तादनं खंडेनवमीला पाना उचलला, असं झालं असतं. त्यानं माझ्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. तो नुसता वाट बघत होता. मी खाली सांध्याकडं बघितलं.

"चुकलं मालक," तो आबासाहेबांना म्हणाला. फडक्याला हात पुसले, चप्पल घातली आणि गेला.

त्यानंतर बिना ग्रीसचा मिस्त्री म्हणून त्याचं नाव बीडपर्यंत गेलं. कुणी हाताखालीसुद्धा घेतलं नाही. तो परत मेंढरांमागं गेला. सव्वीस वर्षं मोटारी दुरुस्त केलेला माणूस साठीला आल्यावर काठी घेऊन माळावर हिंडला. एकदा एसटीच्या खिडकीतून मला दिसला. मी मान फिरवली.

मी गॅरेज आणखी पाच वर्षं चालवलं. गाडीखाली आडवा असताना हात मागं जायचा आणि तसाच राहायचा. मग उठून पाना आपला आपण घ्यायचा. दुसरा कुणी ठेवला नाही. विचारायला आलेल्यांना सांगायचो, कुणाचा भरवसा धरवत नाही आता. लोक माना डोलवायचे.

नामदेव चार वर्षांमागं वारला. दहाव्याला गेलो, मागं उभा राहिलो. त्याच्या बायकोनं ओळखलं, पाण्याचा तांब्या आणून दिला आणि म्हणाली, "वस्ताद, तुमचं नाव लई काढायचे." म्हणजे त्यानं घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. पाणी प्यालो मी. उभ्यानं, सगळं.

पण सर्वात वाईट ते अजून राहिलंय. आबासाहेबांपुढं बोललो ते घाबरून बोललो, असं कुणी म्हणेल. म्हणून त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी काय केलं ते लिहितो. गॅरेज उघडलं. आठ वाजले, नऊ वाजले, नामदेव आला नाही. समोरच्या हॉटेलात जाऊन बसलो. तीन ट्रॅक्टरवाले ऊसतोडीला कधी निघायचं ह्यावर बोलत होते. मला कुणी काही विचारलं नव्हतं. मीच त्यांचं बोलणं तोडून म्हणालो, "आमच्या नाम्याचा पराक्रम ऐकला का?" आणि सगळं सांगितलं, बोटं वळवून सांधा किती कोरडा होता ते दाखवत. ते हसले. मीही हसलो. मग आणखी एक चहा सांगितला आणि बसून प्यालो.