सासऱ्यांनी पाहिलेलं सरोवर

पृथ्वीवर तीन भाग पाणी आणि एक भाग जमीन, ही व्यवस्था देवाने केवळ माझ्या सासऱ्यांच्या सोयीसाठी केली असावी. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन त्यांना वीस वर्षं झाली, पण पाणी दिसलं की हा माणूस अजून ड्यूटीवर असतो. तुम्हाआम्हाला तळ्यात आभाळ दिसतं, बदकं दिसतात. त्यांना दिसतं ते एवढंच, की पाणी येतं कुठून, जातं कुठून आणि तळाशी गाळ किती. लग्न ठरवायला पहिल्यांदा आमच्या घरी आले, तेव्हा माझा पगार विचारायचं सोडून त्यांनी सोसायटीची टाकी किती महिन्यांनी धुतात ते विचारलं होतं. मला सांगता आलं नाही. मुलगी द्यावी की नाही, याचा त्यांनी त्यानंतर चार दिवस विचार केला म्हणतात.

सासूबाई गेल्यापासून ते दर उन्हाळ्यात आमच्याकडे आयर्लंडला, नास नावाच्या गावी येऊन राहायचे. पहिल्या वर्षी मी हौसेने त्यांना डोंगरातली सरोवरं दाखवायला नेलं. सगळे फोटो काढत होते आणि हे सरोवराकडे पाठ करून जादा पाणी बाहेर जायचा सांडवा शोधत होते. गावातला कालवा तर त्यांचा रोजचाच. तिथे बोटींसाठी पाण्याचे दरवाजे उघडणाऱ्या माणसाला त्यांनी एकदा गाठलं आणि लाकडी दरवाजा पाण्यात किती वर्षं टिकतो, यावर दीड तास काढला. दोघांनाही एकमेकांचं इंग्रजी कळत नव्हतं, तरी निघताना तो माणूस ‘ग्रँड, ग्रँड’ म्हणत त्यांचा हात सोडायला तयार नव्हता. कुणाचाही उल्लेख इकडे ‘युअर मॅन’ असा करतात. त्यामुळे शेजारीण कुंपणावरून हाक मारून ‘युअर मॅन पुन्हा कालव्यात वाकलाय’ म्हणाली, की मी निमूट चपला घालायचो.

तर अशा माणसाने दोन वर्षांपूर्वी जेवताना मला पहिल्यांदा काही मागितलं.

“जावईबापू, तुमचं एक ऑफिस चीनमधी हाये ना? हांगचौले?”

भंडाऱ्याकडच्या त्यांच्या गावात मालगुजारीच्या काळातला तलाव आहे. तो गाळाने भरत आला होता, आणि तो बुजवून प्लॉट पाडायचा ठराव ग्रामसभेपुढे यायचा होता. मेलेला तलाव पुन्हा जगत नाही, हे सरपंचांचं म्हणणं. आणि हांगचौचं ते प्रसिद्ध पश्चिम सरोवर तर पुन्हापुन्हा गाळाने, गवताने भरलं होतं. दर वेळी लोकांनी ते उपसलं, आणि उपशाच्या गाळाचेच सरोवरात बांध घातले. त्यातल्या एका बांधावरून हजारेक वर्षं माणसं चालताहेत.

“हे मी वाचलं,” सासरे म्हणाले. “पन गावात वाचलेलं चालत नाही. डोळ्यानं पाह्यलं म्हनलं की चालते.”

पुढच्या महिन्यात मला ऑफिसच्या कामाने जायचंच होतं. भारतात परतताना ते माझ्याबरोबर हांगचौमार्गे निघाले.

सरोवर खरोखरच सुंदर आहे. तीन बाजूंना धूसर डोंगर, काठाला विलो, लग्नाच्या पोशाखात फोटो काढून घेणारी जोडपी. त्या सगळ्यांच्या मधोमध माझे सासरे बांधावर पालथे पडले आणि त्यांनी खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला. पहारेकरी धावत आला. फोनवरच्या भाषांतराने त्याने विचारलं, काही पडलं का? समजलं नाही की ‘यस यस’ म्हणायचं, हा सासऱ्यांचा परदेशातला शिरस्ता. पहारेकऱ्याने लांब दांड्याची जाळी आणली. फिरायला आलेले दोन म्हातारे मदतीला आले. अर्धा तास शोध चालला आणि दांडा कुठे किती बुडतो, ते सासरे वहीत टिपून घेत होते. शेवटी शरमेने मीच फोनवर खरं काय ते सांगितलं.

पहारेकरी कपाळाला आठ्या घालून बघत राहिला. पण त्या दोघांतला थोरला म्हातारा पुढे आला. त्याने फोन घेतला आणि सांगितलं, की त्याचे वडील इथे गाळ काढायच्या कामावर होते. सासऱ्यांनी त्याचे दोन्ही हात धरले. “विचारा, विचारा, गाळ नेऊन टाकला कुठं?” म्हाताऱ्याने पलीकडच्या काठावरच्या बागेकडे बोट दाखवलं. ती झाडं त्याच गाळावर उभी आहेत म्हणे. मी सासऱ्यांना इतकं खूश कधीच पाहिलं नव्हतं, मुलीच्या लग्नातसुद्धा नाही.

ग्रामसभेत त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं सगळं सांगितलं. तरी अर्धा तलाव प्लॉटांकडे गेलाच. उरलेला अर्धा वाचला, तोही गाळ गावाने स्वतः काढायचा या अटीवर. फोनवर मला त्यांनी हे सगळं जिंकल्याच्या थाटात सांगितलं.

आता उन्हाळा म्हणजे गाळ काढायचा हंगाम. त्यामुळे दोन वर्षं ते नासला आलेले नाहीत. माझी मुलगी तिच्या आयरिश हेलात ‘इज आजोबा नॉट कमिंग?’ विचारते आणि उत्तर द्यायचं माझ्यावर येतं. परवा मी त्यांना विचारलं, हे काम किती दिवस चालणार?

“दहा वर्षं तर धरा,” ते म्हणाले. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. मी मनात बेरीज केली, ती त्यांना कळली असावी. “मी असन-नसन, जावईबापू. लोकायले सवय लागली पायजे.”

मागून कुणीतरी हाक मारली आणि त्यांनी फोन ठेवला. मला त्यांची सवय लागली आहे, तिचं काय करायचं, हे विचारायचं राहूनच गेलं.