आण्णांची सिक्स एच

हसायचं नाही, असं कबूल करत असाल तरच सांगतो. जाऊ दे, तुम्ही हसणारच! वीतभर पेन्सिलीनं मला आयुष्यात दोनदा उताणं पाडलंय, आणि दोन्ही वेळा पेन्सिलीची काही चूक नव्हती.

मी आठवीत होतो. चित्रकलेची सरकारी परीक्षा आली. आख्ख्या कसबा बावड्यात माझ्यासारखा चित्रकार नाही, असं निदान आमच्या घरात तरी मत होतं. सर म्हणाले, "शेडिंगला सिक्स बी आणा." मी आण्णांना, म्हणजे वडिलांना, घेऊन महाद्वार रोडला गेलो.

दुकानदारानं सिक्स बी पुढं केली. आण्णांनी टोक अंगठ्यावर घासून बघितलं. अंगठा काळा!

"ही तर मऊ हाय. आठ दिसांत संपंल. टणक न्हाय व्हय?"

"हाय की, सिक्स एच. पण पावणं..."

"पण काय? पोरगं चित्र काढणार हाय, पेन्सिल खाणार न्हाय!" आण्णा माझ्याकडं वळले. "काय रं, चालंल?"

आता इथं तरी मी गप्प बसावं की नाही? म्हणालो, "सरांनी सहा सांगितलंय. ही बी सहाच हाय की!" शेवटचं अक्षर कंपनीचं असणार, असा माझा ठाम समज. चपलेचा नंबर बघावा तसा मी पेन्सिलीचा नंबर बघितला होता.

परीक्षेत समोर एक घागर आणि दोन वांगी. मी घासतोय, घासतोय, आणि कागद पांढराच! बी म्हणजे मऊ आणि काळी, आकडा वाढेल तशी आणखी काळी. एच म्हणजे टणक आणि फिकट, आकडा वाढेल तशी आणखी फिकट. एवढं ज्ञान मला त्या एका दुपारी कुणीही न शिकवता झालं.

वर्गावरचे सर आले. "आरं, सुरू कर की! अर्धा तास उरलाय."

"सर, झालं बी."

त्यांनी कागद उचलून खिडकीकडं तिरका धरला. "व्हय की! हाय घागर! आणि हे भोक कसलं?"

"वांग्याची सावली, सर. जरा गडद करायला गेलतो."

निकाल काय लागला, ते विचारू नका. घरी येऊन मी ढसाढसा रडलो. आण्णा एका शब्दानं रागावले नाहीत. पेन्सिल उलटसुलट करून बघितली आणि म्हणाले, "पर झिजली न्हाय बघ."

आण्णा आता नाहीत. पेन्सिल अजून कपाटात आहे, लांबी जवळजवळ तेवढीच. हातात घेतली की त्यांचा तो काळा अंगठा आठवतो आणि मीही टोक अंगठ्यावर घासून बघतो. खोटं कशाला बोलू?

तर यंदा माझी लेक मुक्ता त्याच परीक्षेला बसली. म्हटलं, माझी फजिती हिच्या वाट्याला नको! पेपरच्या सकाळी मी तिच्या कंपासमधल्या सगळ्या एच गुपचूप काढल्या, चांगल्या सहा सिक्स बी टोक करून भरल्या आणि मोठं पुण्य केल्यासारखा चहा प्यायलो.

दुपारी दारातूनच आवाज आला. "पप्पा! माझ्या एच कुठं हाईत?"

"काढल्या. त्या फसवत्यात."

"आज चित्राचा न्हाय, त्याच परीक्षेतला भूमितीचा पेपर होता! त्याला बारीक रेघ लागते. तुमच्या सिक्स बीनं आख्खा कागद माखला असता!"

वर्षभराची मेहनत पोरीची! "मग गं? कसं केलंस?"

तिनं दप्तरातून आण्णांची पेन्सिल काढली. आजोबांची म्हणून नशिबाला बरी, असं समजून तिनं ती आदल्या दिवशीच कपाटातून लांबवली होती.

"हिनं काढला सगळा पेपर. आणि झिजली न्हाय बघा!"

आण्णांचंच वाक्य की हो! मी डोळे पुसत पेन्सिल घ्यायला हात पुढं केला. तिनं आपला हात मागं घेतला.

"ऱ्हाऊ दे माझ्याकडं. उद्या माझ्या पोरीला लागंल. तिच्या आजोबांचा काय भरवसा?"