मेजावरचा चांदीचा दंड

"आज कान फाडून आलात, उद्या डोकं फोडून याल! तो दंड सोडा, नाहीतर मला सोडा!" भिंतीपलीकडून आक्काचा आवाज आला आणि पाठोपाठ पातेलं आदळलं. आक्का माझी थोरली बहीण. आम्ही शेजारच्याच खोलीत राहायचो, त्यामुळे त्यांचं भांडण आम्हाला फुकट ऐकायला मिळे. दाजी शांतपणे म्हणाले, "चेपलं बघ पातेलं. कान शिवून मिळतो गं, पातेलं नाही."

दाजी देशाच्या सभागृहात दंडवाले. सकाळी चांदीचा जाडजूड दंड खांद्यावर घेऊन आत जायचं, सभापतींपुढच्या मेजावर ठेवायचा, सभा उठली की परत कपाटात. जुना नियम असा, की दंड मेजावर आहे तोवर सभा. दंड हलला की सभा मोडली. आणि काहीही झालं तरी दंडवाल्याने सभासदाच्या अंगाला हात लावायचा नाही.

मी तिथेच चहाच्या खोलीत कामाला होते. शाळा जेमतेम, पण देश कसा चालतो ते कपबशा विसळता विसळता शिकले. मोठमोठी माणसं एकमेकांवर खुर्च्या भिरकावायची, माइक उपटून टाळक्यात हाणायची, आणि मग माझ्याकडे बर्फ मागायला यायची. एकाचा दात माझ्या साखरेच्या डब्यात निघाला. न्यायला कुणी आलं नाही.

शेवटी काही जणांनी सुधारणेचा कायदा आणला. सभागृहात हात उचलील त्याची जागा गेली, प्रश्नाला उत्तर न देणारा मंत्री घरी. ज्यांच्या पोटात दुखायचं, त्यांना सोपी युक्ती सापडली. कायदा मताला आला रे आला, की कुणीतरी दंड उचलून पळायचा. सभा मोडली, मत राहिलं! एकदा दंड संडासात मिळाला, एकदा बागेतल्या हौदात. दाजींचा कान फाटला तो त्याच ओढाताणीत.

मी म्हटलं, "दाजी, मग तो नियमच बदला म्हणावं की त्यांना."

"नियम बदलायला सभा लागते, मेव्हणीबाई. आणि सभेला दंड लागतो."

अधिवेशनाचा शेवटचा दिवस आला. आज मत झालं नाही तर कायदा बाद. कायद्याच्या बाजूचे हात वर करून बसले. मोजणी संपण्याआधी जागेवरून उठलं की मत गेलं, हाही एक नियम. तेवढ्यात ज्याला सगळे पैलवान म्हणत तो सभासद आपली टोळी घेऊन मेजाकडे धावला. दाजी दंडावर पालथे पडले आणि त्यांनी दोन्ही हातांनी मेजाची कड धरली.

"सोड, थेरड्या!"

खुर्चीचा पाय पाठीत बसला. बुटाची टाच बोटांवर, पुन्हा त्याच बोटांवर. बरगडी मोडली ती मला दारात ऐकू आली, वाळकी काटकी मोडावी तशी. कागदांवर रक्त सांडलं. दाजींनी सभासदाला हात लावला नाही. एकच शब्द बोलले, "मोजा."

म्हातारे सभापती मोजत राहिले. आणि मारामारी बंद करायला निघालेली ती सगळी भली माणसं हात वर धरून बघत बसली. एक जण तर रडत होता, पण हात खाली घेतला नाही त्याने. मी दारातून आत धावले आणि हातातली चहाची किटली पैलवानाच्या मानेवर ओतली. माझं मत कुणी मोजणार नव्हतंच.

कायदा झाला. सभापतींनी सभा उठवली. संध्याकाळी दवाखान्यात दाजी वारले, पण त्याआधी ते मेजावरून उतरले.

"आडवे व्हा, डॉक्टर येतायत," मी म्हटलं.

"सभा उठलीय. हा इथेच टाकून जाऊ होय?"

खांद्यावरच्या फडक्याने त्यांनी दंड पुसला. उजवा हात उठेना, म्हणून डाव्या खांद्यावर घेतला. सगळे रिवाजाप्रमाणे उभे राहिले. दाजी मधल्या वाटेने बाहेर पडले, लांबलचक बोळ चालून कपाटाशी आले, दंड गादीवर नीट ठेवला, कुलूप लावलं, ओढून पाहिलं आणि किल्ली खिळ्याला अडकवली.